शेवटून तिसरी रांग, कडेची खुर्ची

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर याहून बरं काहीतरी रचलं असतं, आणि त्यात स्वतःला थोडी झोपही दिली असती.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दुपारचे तीन. दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वय बावन्न, लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यापासून माझं उरलंसुरलं माहेर म्हणजे तोच. आम्ही दोघं मिळून एक पॉडकास्ट चालवायचो. विसरलेले, विचित्र, कुणी धड पाहिलेलेही नाहीत असे सिनेमे आणि त्यावर पाहुण्यांशी गप्पा. दादा बोलायचा. मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग सांभाळायची आणि घरी जाऊन सगळ्यांचे खोकले कापत बसायची.

सहा वर्षं. दर रविवारी. ऐकणारे जेमतेम चारशे, त्यातले दोन आमचे मावसभाऊ, तेही भिडेखातर.

खरं सांगते, आम्ही दोघंही थकलो होतो.

"ठमे, एवढा भाग झाला की बंद करू," दादा त्या दिवशी म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी कारणसुद्धा विचारलं नाही.

पाहुणे होते ऑपरेटरकाका. एका थिएटरात त्यांनी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला होता. ते थिएटर कधीच बंद पडलं. ज्या सिनेमाबद्दल ते बोलणार होते, त्याचा दादाने आठवडाभर शोध घेतला होता. नाव नाही, नट नाहीत, कुठे एक ओळ नाही.

"म्हातारा थापा तर मारत नाही ना?" आदल्या संध्याकाळी त्याने मला फोनवर विचारलं होतं.

काकांनी गोष्ट सुरू केली. एक शिंपी असतो. गावातल्या प्रत्येकाचं माप घेतो. कपडे मात्र कुणाचेच शिवत नाही.

"हसायचाच सिनेमा आहे," काका म्हणाले. "पण हसून झाल्यावर बरं वाटत नाही."

दादाने जांभई दाबली. मग बोलून गेला...

"हो हो, पाहिलाय मी. लहानपणी."

साफ खोटं. सिनेमावेडी माणसं काय वाटेल ते कबूल करतील, पण 'हा मी पाहिला नाही' एवढं त्यांच्या तोंडून निघत नाही. दादा मात्र तसा नव्हता. सहा वर्षांत एकदाही त्याने अशी फेकाफेक केली नव्हती. त्या दिवशी कंटाळला होता, बोलणं पुढे ढकलायचं होतं. बस, एवढंच.

काका दादाकडे झुकले.

"कुठे पाहिलात?"

"तुमच्याच थिएटरात की, काका."

"कुठे बसला होतात?"

दादाने माझ्याकडे बघून डोळा मारला. "शेवटून तिसरी रांग. कडेची खुर्ची."

काकांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"तो सिनेमा आम्ही एकदाच लावला," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारी तीनचा खेळ. तिकिटं पाच गेली. माणसं आली चार. मी वरच्या झरोक्यातून बघत होतो. कडेची ती खुर्ची रिकामी होती...

पण बसायची फळी खाली होती."

थिएटरातली खुर्ची तुम्हाला माहीत आहे. माणूस उठला की फळी आपोआप वर जाते.

"दोन तास तशीच होती," काका म्हणाले. "कुणीतरी बसल्यासारखी."

दादा हसला. आणि माझ्या हेडफोनमध्ये...

खट्.

फळी खाली आल्याचा आवाज. तोही फक्त दादाच्या माइकवर. दादा साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

तिथेच मी रेकॉर्डिंग थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. मला लवकर घरी जायचं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

घरी गेल्यावर दोन्ही माइक वेगवेगळे ऐकले. काकांच्या माइकवर बाहेरचा रस्ता होता. हॉर्न, कुत्रं, कुणाचंतरी भांडण. नेहमीचंच.

दादाच्या माइकवर रस्ताच नव्हता.

'पाहिलाय मी' या शब्दांनंतर बाहेरचं जग पुसल्यासारखं झालं होतं. उरली होती एक बारीक घरघर... प्रोजेक्टरची.

मी काकांना फोन केला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"त्यांना कबूल करायला सांगा, बाई. 'मी पाहिला नाही', एवढंच. मोठ्याने. आणि लवकर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघून तीनला दादाकडे पोचले. तो मागच्या खोलीत होता. खुर्ची भिंतीकडे वळवलेली. भिंत कोरी.

"दादा, एकदाच म्हण ना. पाहिला नाही म्हणून. माझ्यासाठी."

त्याने भिंतीवरची नजर हलवली नाही.

"काल म्हणालो असतो, ठमे. आता खोटं कसं बोलू? पाहतोय ना मी."

याला सात महिने झाले.

रोज तीन ते पाच तो भिंतीसमोर असतो. ओढून उठवायला गेले तर हलत नाही. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, विश्रांती द्या. पाचनंतर तो उठतो, चहा करतो, माझ्या वजनावरून चिडवतो. वाटतं, आहे की आपला दादा.

पण तो विसरत चाललाय. आधी सिनेमे गेले, एकेक करून. मग शेजारी. मग आमची शाळा. गेल्या महिन्यात आईचा फोटो हातात घेऊन त्याने विचारलं...

"ही कुठल्या सिनेमात होती गं?"

त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

काकांचा फोन आता लागत नाही. मी अर्ध्या पगारावर अर्धा दिवस काम करते आणि तीनला दादाशेजारी जाऊन बसते. दुसरं काय करणार? डोळे मिटून घेते. खूप थकलेय मी.

काल डोळे उघडे राहिले.

दादा एकदम खो खो हसला. आणि त्याच क्षणी... मीही हसले.

भिंतीवर काही नव्हतं. शपथेवर सांगते, काही नव्हतं. पण स्वतःचं माप घेता घेता शिंपी टेपमध्ये गुरफटला आणि तसाच उड्या मारत दाराकडे निघाला, हे मला माहीत आहे. काकांनी हा प्रसंग सांगितला नव्हता.

आता तीनला वीस मिनिटं आहेत. हे लिहिता लिहिता मी चपला घातल्यात.

जाऊ नये, हे कळतंय मला. पण तिथे दादा एकटा आहे.

आणि अगदी खरं सांगायचं तर... शिंपी दारापर्यंत पोचला का, तेही बघायचंय.