सरकार पाणी आणायला गेले

दोष विश्वासरावांचा. गाडीचा नाही, टायरांचा नाही, त्या रात्रीचा तर मुळीच नाही. सूर्याजीकाका ही गोष्ट सांगताना मधूनमधून 'प्रारब्ध' म्हणतात, 'योग' म्हणतात. म्हणणारच. विश्वासराव त्यांचे मावसभाऊ, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांची जीभ आपल्या माणसाच्या पापाला पाप म्हणायला रेटत नाही.

कोजागरीची रात्र होती. गच्चीवर शेगडीवर दूध आटत होतं, महाराज बाड्याच्या चौकाकडून चंद्र वर आला होता आणि घरातली पोरं सतरंजीवर काकांभोवती पसरली होती.

"खरी आहे का पण?" हेमांगीने विचारलं. ही काकांची नात.

"पहाटे पहिला फोन मला आला होता," काका म्हणाले. "बाकीचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. हल्ली दुसरं काही बोलतच नाही तो."

तर विश्वासराव. यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून आले आणि तलवार चालवून जमीन मिळवली. विश्वासरावांनी फूलबागेजवळच्या दुकानांची भाडी खाण्यापलीकडे जन्मात काही केलं नाही, पण मिशीला पीळ पूर्वजांचा. घोडा पोसणं जमेना, म्हणून त्यांनी एटीव्ही घेतली. म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकलच. घोड्यासारखी टांग टाकून बसायचं, हँडलने वळवायची, चारही चाकांना जोर, चिखल असो की नाला, चढून जाते. तिला ते 'घोडा' म्हणत.

तिघऱ्याच्या वाटेवर त्यांचं शेत होतं आणि फाटकावर दौलतसिंह राखणीला होता. विश्वासरावांचा मुलगा समरजीत लहानाचा मोठा झाला तो याच म्हाताऱ्याच्या खांद्यावर. त्याला तो 'कक्का' म्हणायचा.

विश्वासरावांना एक खोड होती. रात्री शेतावर जाताना फाटक जवळ आलं की गाडीचे दिवे मालवायचे. राखणदार जागा आहे की घोरतोय, ते पकडायचं. झोपलेला सापडला की लाथ. याला ते 'गस्त' म्हणत.

काही वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या एका पावसाळी रात्री ते कुणाच्या तरी मेजवानीत भरपूर पिऊन असेच दिवे मालवून आले. दौलतसिंह जागा होता. इंजिनाचा आवाज ऐकून फाटक उघडायला वाटेत आला होता. झोपला असता तर लाथेवर भागलं असतं. जागा होता म्हणून मेला.

गाडी त्याच्या कमरेवरून गेली. चिखलात उताणा पडून तो म्हणाला, "सरकार... पानी."

त्याचा पितळी लोटा फाटकाच्या खांबाशीच होता. काठ चेपलेला, जुना. त्याने हात लांबवला. पोचला नाही.

"लाते हैं," विश्वासराव म्हणाले. आणि घरी जाऊन झोपले.

"झोपले?" हेमांगी ताठ बसली.

"घाबरला असेल ग तो."

"घाबरलेला माणूस झोपतो होय, आजोबा?"

काकांनी उगाचच दूध ढवळलं.

सकाळी दौलतसिंह सापडला तेव्हा त्याच्या तोंडात चिखल होता. पाण्यासाठी त्याने चिखल चाटला होता. त्याच्या बायकोने तो लोटा उचलला आणि शेतातल्या पडक्या विहिरीत भिरकावून दिला. मरताना ज्यातला घोट मिळाला नाही तो लोटा घरात कशाला ठेवायचा?

पोलिसांना चिखलात चाकाचा ठसा मिळाला. रबराच्या ठोकळ्यांची खोल नक्षी. त्यातला एक ठोकळा तुटलेला, त्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला नक्षीत एक फट, दात पडल्यासारखी. त्यांनी प्लास्टर ओतून ठसा उचलला आणि आसपासच्या गाड्या बघायला सुरुवात केली.

मग विश्वासरावांनी टायर बदलायचं काढलं. तसलेच नव्हे. मोठे, रुंद, दुसऱ्याच नक्षीचे, म्हणजे प्लास्टरमधल्या त्या ठशाशी कुणी ताडून बघायलाच नको. लोकांना सांगायला कारण तयार होतं. दसऱ्याला सीमोल्लंघनाला जायचं, घोडा उंच दिसला पाहिजे!

टायर पडाव भागातल्या एका दुकानातून आले ते नेमके खंडेनवमीला. लावणार समरजीत. हा इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून घरी बसलेला, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक मामा-काका त्याला टपली मारून जायचा. गाडी बिघडली की मात्र सगळ्यांना तोच आठवायचा.

विजयाबाईंनी, त्याच्या आईने, सकाळीच पाने, पेचकस, जॅक पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवला होता. "आज हत्यारं पुजलीत," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत हलवायची नाहीत."

"ते तलवारींचं. पाना म्हणजे काय तलवार आहे?" असं म्हणून विश्वासरावांनी पाटावरचा पाना उचलला आणि पोराच्या हातात कोंबला. कुंकू समरजीतच्या बोटांना लागलं.

"आबासाहेब, ये बहुत बड़े हैं यार," तो म्हणाला. "वळवताना मडगार्डला घासतील, ते कापावं लागेल. वर गाडी उचलावी लागेल. मग ती वरून जड होते. उतारावर हँडल पूर्ण वळवलंत ना, सीधी पलटेल."

"घोड्यावर बसलायस कधी? उंच बसलं की भीती वाटतेच. कर सांगतो ते."

त्याने केलं. गाडी उंच केली, चाकं बाहेर यावीत म्हणून मध्ये स्पेसर घातले, सुरी तापवून मडगार्डचं प्लास्टिक कापलं. मागचं जुनं चाक उतरवताना ठोकळ्यांच्या खाचेत त्याला काहीतरी अडकलेलं दिसलं. वाळल्या चिखलात लाल चिंधी. ओढून काढली. गमछ्याचा तुकडा होता. तो गमछा त्यानेच गेल्या दिवाळीला कक्काला दिला होता. आणि चिंधीच्या शेजारीच तुटका ठोकळा.

त्याने चिंधी बापासमोर धरली.

"आबासाहेब... कक्का?"

"चाक लाव."

"आईला माहीत आहे?"

"बाप तुरुंगात गेलेला चालेल तुला, समर? चाक लाव."

त्याने चाक लावलं. आपल्याकडे बाप म्हणाला की पोरं चाक लावतात. त्यालाच चांगले संस्कार म्हणतात. जुने चारही टायर अंधार पडल्यावर त्याच पडक्या विहिरीत गेले.

दसऱ्याची संध्याकाळ झोकात पार पडली. डोक्याला आजोबांचा जरीचा फेटा, खाली उंच घोडा. विश्वासराव सोनं वाटत हिंडले, लोक वाकून नमस्कार करत होते. तपासावरचा एक पोलीसही भेटला. नव्या चाकांवर थाप मारून म्हणाला, "वाह सरकार, क्या शान है!"

रात्री साडेदहाला विजयाबाईंना आठवलं, शेतावरच्या देवाला सोनं वाहायचं राहिलंच. विश्वासराव आपट्याची पानं घेऊन निघाले, फेटा तसाच डोक्यावर. समरजीत मागे बसला. कालपासून तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

डांबरी रस्ता संपला. मोहरी पेरायची म्हणून शेतांना पाणी सोडलं होतं, वाट ओली होती. दशमीचा चंद्र होता. गाडी मजेत चालली होती.

मग आवाज आला. खर्र... खर्र...

"मडगार्ड नीट कापलं नाहीस?"

"कापलंय. फक्त वळवल्यावर घासेल." समरजीतने खाली पाहिलं. "आपण सरळ चाललोय, आबासाहेब."

खर्र... खर्र... खालून कुणी फरफटत येत असल्यासारखं.

समरजीतने मोबाइलचा उजेड मागे टाकला.

"थांबवा."

"काय झालं?"

"ठसे बघा."

ठसे अरुंद होते. नक्षी जुनी. दर फेऱ्याला एक फट.

विश्वासरावांनी वाकून चाकाकडे पाहिलं. चाक नवं होतं. मोठं, रुंद. मागे वळून पाहिलं. ठसा जुना.

त्यांनी हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबला. गाडी पळवली.

फाटक आलं. नवा राखणदार अजून ठेवला नव्हता. फाटकाला साखळी होती, कुलूप होतं.

दिवे गेले. त्यांनी मालवले नव्हते.

इंजिन बंद पडलं.

अंधारात साखळी वाजली. आधी डावी झडप उघडली. मग उजवी. सावकाश. दौलतसिंह उघडायचा तशी.

मग काही नाही...

काही नाही...

आणि खालून, चाकाच्या उंचीवरून, अगदी अदबीने:

"सरकार... पानी लाए?"

विश्वासरावांच्या मांडीवरची पानं पडली.

"कक्का..." समरजीत हळूच म्हणाला. तो घाबरला नव्हता. तोच एकटा घाबरला नव्हता.

विश्वासरावांनी बटण दाबलं. इंजिन लागलं. त्यांनी हँडल पूर्ण वळवलं आणि होता नव्हता तेवढा जोर दिला. फाटकाशी उतार होता. उंच घोडा कलला. विश्वासरावांनी उडी टाकली. पोराला धरलं नाही. गाडी पोरावर आली.

सगळं शांत झालं.

"आबासाहेब... पाणी."

"आणतो," विश्वासराव म्हणाले.

फोन खिशात होता. रेंज होती. त्यांनी नंबर लावायला घेतला आणि थांबले. अँब्युलन्स आली की पोलीस येणार. पोलीस आले की वाटेवरचे ठसे बघणार. त्यांनी वाटेकडे पाहिलं. चांदण्यात एकेक फट मोजून घ्यावी अशी दिसत होती.

त्यांनी फोन खिशात ठेवला. फेटा सोडला. जरीचं ते लांबलचक कापड दोन्ही हातांत धरून ते वाकले आणि चिखल पुसायला लागले.

"आबासाहेब..."

"आलोच."

पुसलं. मागे सरकले. पुसलं.

"पाणी..."

"आलोच म्हटलं ना!"

पुसलं. मागे सरकले. पुसलं. फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. हाका कधी थांबल्या ते कळलं नाही, असं विश्वासराव सांगतात. कळलं असणार. हाक थांबलेली बापाला कळते.

गच्चीवर दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"पहाटे मी पोचलो," काका म्हणाले. "विश्वास फाटकाशी बसला होता. बोडका. कोपरापर्यंत चिखल. आम्ही दोघांनी जोर लावून गाडी बाजूला केली. पोरगा गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणला असता तर वाचता."

"मग?"

"मग... त्याचं तोंड..."

 शेगडीत निखारा फुटला.

"काय तोंड, आजोबा?"

"ओलं होतं. ओठ, हनुवटी, शर्टाचा गळा. सगळं. चिखल नाही ग. स्वच्छ पाणी. कुणीतरी मान वर करून सावकाश पाजलं असावं तसं. मी विश्वासला विचारलं, तू पाजलंस? त्याने चिखलाने भरलेले हात पुढे केले."

"आणि?"

"आणि उशाशी लोटा होता. पितळी. काठ चेपलेला. अर्धा रिकामा."

 विहिरीचं कुणी काही विचारलं नाही.

वाटेवर चाकाचा एकही ठसा उरला नव्हता. पोलिसांनी अपघात लिहिला. दौलतसिंहाच्या अंगावर गाडी कुणी घातली, ते कधी सिद्ध झालं नाही. विश्वासरावांवर कुठलाही गुन्हा लागला नाही. त्यांना एकच मुलगा होता. तो गेला.