टाकीखालचा ओळंबा

रोज दुपारच्या अजानीनंतर टाकीखाली जायचं, वरून सोडलेला ओळंबा खालच्या फुलीपासून किती सरकलाय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. शाळा सहावीत सुटलेली, त्यामुळे मी ते फार जपून करायचो.

टाकी चार उंच खांबांवर उभी होती आणि पूर्वेकडे कलत चालली होती. पूर्वेच्या खांबापासून दहा पावलांवर उम्म नजीबचं घर. आमच्याकडची जमीन जिप्समची. कोरडी असली की दगड. पाणी लागलं की चहातल्या साखरेसारखी विरते.

आणि उम्म नजीब रोज त्याच खांबाशी एक वाडगा पाणी ओतायची.

तिचा नवरा जब्बार या टाकीचा राखणदार. बारा वर्षांपूर्वी फुटलेली जलवाहिनी बघायला तो या खांबापासून निघाला, तो आलाच नाही. जाणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं की माणूस परत येतो, असं आम्ही मानतो. त्या दिवशी टाकी कोरडी होती. तिच्या घरात ओतायला थेंबही नव्हता.

"पाणी ओतू नको म्हणून तिला तूच सांग," इंजिनियर साहेब म्हणाले.

"मला नाही जमणार, साहेब."

"मग मोजत बस. टाकी घरावर आली की तेही मोज."

दुसऱ्या दुपारी धुळीचं वादळ आलं. आकाश तांबडं झालं, मग विटकरी, मग अंधारलं. वारा एकाएकी पडला. ओल्या मातीसारखा वास सुटला. उम्म नजीब वाडगा घेऊन आली, आणि ओळंबा हलला. हळूच तिच्या बाजूला झुकला, आणि तसाच तिरका राहिला… कुणी बोटाने धरून ठेवावा तसा. वर टाकीत कुणीतरी सावकाश खाकरलं.

"खाला… ऐकलंत?"

"त्याला धूळ सोसत नाही," ती म्हणाली, आणि पाणी ओतलं. ओळंबा सुटला.

मी ओळंब्यापासून दोन पावलं मागे सरलो. तरी बोललो. "खाला, आता पाणी नका ओतू. पाया खचतोय. टाकी तुमच्या घरावर येईल."

ती वर बघत राहिली. "माझ्यामुळे?"

"एका वाडग्याने एवढं होत नाही, खाला."

"बारा वर्षांचे वाडगे आहेत, पोरा." मग ती हसली. "बघ याचं. दारात ये म्हटलं, तर हा डोक्यावर यायला निघालाय."

दोन दिवसांनी टाकी रिकामी केली, वाहिनी बंद केली. बहिणीचा मुलगा तिला आपल्याकडे, हिल्ला शहरात, न्यायला गाडी घेऊन आला. तिने वाडगा उंबरठ्यावर पालथा घातला.

"माझ्या मागे पाणी ओतू नकोस हं," ती मला म्हणाली. "परत आले तर मी पुन्हा ओतीन." मग खांबावर हात ठेवून हळू बोलली, "मी हिल्ल्याला आहे. राग धरू नकोस."

गाडी पश्चिमेच्या रस्त्याने गेली.

नऊ दिवस आकडा तोच राहिला. दहाव्या दिवशी ओळंबा बरोबर फुलीवर होता. अकराव्या दिवशी तो फुलीच्या पश्चिमेला गेला होता.

साहेबांनी वही पाहिली. "कितवीपर्यंत शिकलास रे तू?"

"चला, दाखवतो."

ओळंबा हिल्ल्याच्या रस्त्याकडे झुकला होता. साहेबांनी ओळंब्याची दोरी हाताने तपासली. मग त्यांनी बोट दाखवलं. जिथून तिची गाडी निघाली, तिथे चाकांच्या खुणांवर वाडगाभर पाणी ओतल्यासारखी ओल होती. ऊन असं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता.

"तू ओतलंस?"

"नाही, साहेब. ती नको म्हणाली होती."

मी तिच्या दारापर्यंत गेलो. वाडगा उंबरठ्यावर पालथाच होता, तिने घातला तसा. उचलून पाहिला. आतून ओला होता, आणि गार.