आधी येणारा आवाज

एस. पी. रोडवरच्या गिरीराजच्या दुकानात मोबाइल गेमिंगचे हेडसेट घ्यायला एरवी कॉलेजची मुलंच येतात. त्या शनिवारी साठी उलटलेल्या प्रतिमाबाई आल्या, आणि गिऱ्हाईक म्हणून त्या भलत्याच चिवट निघाल्या. रंग विचारला नाही, दिवे लागतात का तेही विचारलं नाही. पर्समधून आपला फोन काढला, खेळातलं सरावाचं मैदान उघडलं, बंदूक भिंतीवर रोखली आणि एकेक हेडसेट कानाला लावून गोळ्या झाडत बसल्या. भिंतीवर ठिणगी कधी दिसते आणि आवाज कधी येतो, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“हाही मागे पडतोय,” असं म्हणून त्या एकेक हेडसेट काउंटरवर ठेवून देत.

गिरीराजचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, पण कन्नडची फोडणी दिलेली. “अक्का, वायरलेस घेऊच नका म्हन्तो मी,” तो म्हणाला. “ब्लूटूथमधी आवाज मागनं येतो. गाणी ऐकायला सरी, चालतंय, खेळायला नाही. हे वायरचं बघा, चार्जरच्या भोकात जातंय. कानाला स्वल्प दाबतंय, पण उशीर नाही.”

त्याने त्यांच्यासमोर नव्या खोक्याचं सील फोडलं. काळा, जाडसर, दिसायला अगदीच सामान्य हेडसेट. कंपनीचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी गोळी झाडली. ठिणगी आणि आवाज एकदम. पुन्हा झाडली. पुन्हा एकदम. प्रतिमाबाईंचा सगळा जन्म एका सरकारी कारखान्यात माइक आणि स्पीकर तपासण्यात गेला होता, आणि कुठलंही यंत्र त्यांच्या पसंतीला सहज उतरत नसे. हे उतरलं.

ह्या वयात हे खूळ कशाला, असं गिरीराजच्या मनात आलं असणार. विचारलं असतं तरी त्यांनी खरं सांगितलं नसतं. खरं असं होतं, की त्यांचा एकुलता एक मुलगा जितेंद्र गेल्या दिवाळीपासून त्यांच्याशी बोलत नव्हता. त्याचा संसार मोडला तेव्हा प्रतिमाबाईंनी चार नातेवाइकांदेखत सुनेची, केतकीची, बाजू घेतली होती. त्यांचं म्हणणं योग्यच होतं, पण म्हणून काही मुलगा जवळ राहत नाही. तो के. आर. पुरमला भाड्याच्या घरात निघून गेला. इकडे जालहळ्ळीत त्यांच्या घरी यायचा बंद झाला, फोन उचलायचा बंद झाला.

मग एक दिवस प्रतिमाबाईंनी तो खेळतो तो खेळ आपल्या फोनवर घेतला आणि त्याला जोडीत खेळायची विनंती पाठवली, स्वतःच्या नावानेच. बऱ्याच दिवसांनी ती मान्य झाली. कानात मुलाचा आवाज आला, “डावीकडे झाडामागे लप.” त्या लपल्या आणि तिथेच रडल्या.

तेव्हापासून दोघे रोज संध्याकाळी खेळत. खेळात घरचं काही बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. पण जितू आळशी. कानाला काही लावायचा नाही, फोन स्पीकरवर आणि माइक सदा उघडा. त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं त्यांना ऐकू येई. कुकर, शेजारचा कुत्रा, लांबून जाणारी रेल्वे, त्याचा खोकला. आज त्याने भात लावला, आज बाहेरून मागवलं, हे त्यांना कळे. एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

खेळात शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं वाजतात. ती ऐकून जोडीदाराला सांगायचं काम प्रतिमाबाईंचं. आणि त्यांच्या जुन्या ब्लूटूथमुळे त्या नेहमी उशिरा सांगत. परवा जितू वैतागून म्हणाला होता, “आई, असं चालणार नाही. मी दुसरा पार्टनर बघतो.” म्हणून हा हेडसेट.

पहिल्याच संध्याकाळी फरक पडला. “उजवीकडे जिन्यावर आहे,” प्रतिमाबाई म्हणाल्या, आणि जितूने वळून बघितलं तेव्हा जिना रिकामाच होता. मग माणूस आला. जितूने त्याला टिपला. पुढेही तसंच झालं. शेवटी ती दोघंच उरली आणि जितू चक्क हसला. “आज काय कान लागलेत ग तुझे.”

ते हसू त्या रात्री उशाला घेऊनच झोपल्या. पण सकाळी डोक्यात किडा वळवळायला लागला. पावलं वाजली तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं.

त्यांनी जुन्या फोनवर स्लो मोशन लावलं, खेळाचा पडदा आणि हेडसेटचा एक कान त्याच्यासमोर धरला, आणि मैदानात गोळी झाडली. मग चित्रीकरण हळूहळू बघितलं. आधी आवाज आला. मग ठिणगी पडली.

कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आवाज वायरने थेट येतो, फोनला चित्र काढायला वेळ लागतो, म्हणजे उशीर पडद्याचा. सरळ हिशेब. आवाज मात्र पडद्यावरच्या चापावर त्यांचं बोट टेकायच्याही आधी येत होता, हे त्यांना दिसलं होतं. ते चित्रीकरण त्यांनी पुसून टाकलं. सवयीने चहा टाकला आणि प्यायला विसरल्या.

दोन-तीन संध्याकाळी बऱ्या गेल्या. मग एकदा खेळता खेळता कानात जितू म्हणाला, “हो, जेवलो.”

प्रतिमाबाईंनी काही विचारलंच नव्हतं. विचारावं असं मात्र मनात होतं. करार मोडून विचारावं की नाही, अशा घोळात त्या होत्या. आता उत्तर तर आलंच होतं. त्यांनी हळूच विचारलं, “दुपारी जेवलास का रे?”

पलीकडे शांतता.

“जितू?”

“अग, सांगितलं ना जेवलो म्हणून.”

“कधी सांगितलंस?”

“आत्ता. तू विचारलंस तेव्हा.”

आवाज आधी येतो, ह्यापेक्षा प्रतिमाबाईंना दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटली. उत्तर आल्यावर त्यांनी प्रश्न विचारला होता. न विचारून चाललं असतं का? तेव्हा तसं काही सुचलंच नाही.

हेडसेट बदलून आणावा, असं त्यांनी ठरवलं आणि आणला नाही. तो कानाला असला की जितू हसत होता, “आई” म्हणत होता. दुकानातला दुसरा हेडसेट कदाचित तसा नसता.

गुरुवारी प्रतिमाबाई संध्याकाळी लवकरच खेळ उघडून बसल्या. जोडी जमायच्या खोलीत त्यांचं नाव एकटंच होतं. मग त्याखाली जितूचं नाव आलं आणि नावापुढचं स्पीकरचं चिन्ह लुकलुकायला लागलं. त्याचा माइक उघडा होता.

पंखा ऐकू येत होता. दर फेऱ्याला कट्, कट् असा. बेअरिंग गेलंय, पोराने लक्ष दिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

स्टीलचं भांडं फरशीवर पडलं. घरंगळत लांब गेलं आणि थांबलं.

मग एका बाईने हाक मारली. “जितू.”

फक्त पंखा.

“जितू, ऊठ.”

स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रतिमाबाईंना होतं. नोकरीत त्यांनी रोज स्वतःच्याच आवाजावर माइक तपासले होते. ती हाक त्यांची होती. आणि त्या हाकेत काय होतं तेही त्यांनी ओळखलं, कारण नवरा, अरविंद, सकाळी उठला नाही त्या दिवशी त्यांनी त्याला अशीच हाक मारली होती.

त्यांनी रोखून धरलेला श्वास तोंडाने सुटला. चिन्ह विझलं.

थोड्या वेळाने ते पुन्हा लागलं आणि रस्त्याचा गोंगाट कानात घुसला. “आलो ग,” जितू म्हणाला. “अजून बसमध्येच आहे. टिन फॅक्टरीच्या चौकात अडकलोय.”

“मघाशी घरी कोण होतं?”

“घरी कोण असणार? कुलूप आहे.” मग त्याने हळू आवाजात विचारलं, “आई, बरी आहेस ना?”

त्या रात्री प्रतिमाबाईंनी हेडसेट कपाटात टाकला, त्याच्या शेजारी फोन बंद करून ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. विचार करायचा तो शांतपणे करायचा, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हाक आपली आहे. ती जितूच्या घरात मारलेली आहे. आपण त्या घरात पाऊलच ठेवलं नाही, तर ती हाक तिथे कोण मारणार? इतकं सोपं होतं ते. जायचं नाही. काहीही झालं तरी के. आर. पुरमला जायचं नाही.

शुक्रवारी घरचा फोन वाजला. त्या जुन्या यंत्रावर आता कुणीच फोन करत नसे.

“तुझा मोबाइल बंद लागतोय,” जितू म्हणाला. घसा खाकरला. “रविवारी इकडे ये ना. जेवायला. मी भरीत करतो, बाबा करायचे तसं.”

ह्या वाक्याची त्यांनी दिवाळीपासून वाट बघितली होती.

“नको रे,” प्रतिमाबाई म्हणाल्या. “गुडघा दुखतोय.”

“कॅब पाठवतो.”

“नको म्हटलं ना.”

“बरं,” तो म्हणाला, आणि ठेवून दिला. रुसलेला चालेल, त्या म्हणाल्या. असू दे रुसलेला.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली.

जितू उभा होता. एका हातात डबा, दुसऱ्यात फोन. उन्हाने घामाघूम, ओठ पांढरे पडलेले. “म्हटलं, तुझा गुडघा दुखतोय तर आपणच यावं,” तो म्हणाला. “आधी बसने, मग मेट्रोने आलो. काय ऊन आहे.”

प्रतिमाबाईंनी त्याला मिठीच मारली. शर्ट पाठीला चिकटला होता. तुझ्या घरी नाही, माझ्या घरी आहेस, त्या मनात म्हणत होत्या, आता भीती नाही. त्या हसत होत्या, त्यांचे डोळे वाहत होते.

तो हॉलमधल्या खुर्चीत बसला आणि फोन टीपॉयवर ठेवला. फोनवर खेळ उघडा होता. “सबंध रस्ताभर खेळाच्या लॉबीत तुझी वाट बघत होतो,” तो ओशाळून म्हणाला. “म्हटलं, येशील. आली नाहीस.” मग खाली बघत म्हणाला, “केतकीच्या बाबतीत तू म्हणालीस ते बरोबर होतं. मला ते सगळ्यांसमोर लागलं, एवढंच.”

“मी तसं बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या.

“जाऊ दे.” त्याने छाती चोळली. “जळजळतंय जरा. सकाळपासून काही खाल्लं नाही. पाणी आहे का?”

टीपॉयवर त्यांच्याच पाण्याचं भांडं होतं. त्याने ते उचललं.

“थांब, थंड देते,” म्हणून प्रतिमाबाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीज उघडला. बाटली काढली. आणि उघड्या फ्रीजसमोर उभ्या राहिल्या.

हॉलमधला पंखा वाजत होता. कट्, कट्.

तो वीस वर्षं तसाच वाजत होता. अरविंद बदलू म्हणायचा, आणि त्या म्हणायच्या, मला तर काही ऐकू येत नाही. खरंच येत नसे. घरचा आवाज कानाला इतका सवयीचा झाला होता, की गुरुवारी हेडसेटमधून ऐकला तेव्हा तो त्यांना परका वाटला. उघडा माइक जितूच्या फोनचा होता, जितूच्या घराचा नव्हे.

बाहेर स्टीलचं भांडं फरशीवर पडलं.

घरंगळत लांब गेलं आणि थांबलं.

प्रतिमाबाई दारात आल्या. जितू खुर्चीत होता. मान एका बाजूला, हात खाली लोंबलेला. फरशीवर पाणी पसरत होतं.

हाक मारायची नाही. त्यांनी ओठ दातांखाली धरले. हाक मारली नाही, तर गुरुवारी ऐकलं ते हे नव्हे. त्याला नुसती झोप लागलीय, इतक्या लांबून आलाय. त्या जवळ गेल्या. खांद्याला हात लावला. हलवलं. खांदा हलला, आणि सोडल्यावर थांबला.

त्या वळल्या, घरच्या फोनवरून अँब्युलन्सचा नंबर फिरवला, पत्ता सांगितला. स्वच्छ, अक्षर न अक्षर. रिसीव्हर ठेवला.

पुन्हा त्याच्यापाशी येऊन गुडघे टेकून बसल्या. ओठ अजून मिटलेलेच होते. त्याची छाती हलतेय का ते बघत होत्या. बघता बघता तोंड आपोआप उघडलं.

“जितू.”

पंखा वाजत राहिला. आता मागे फिरण्यासारखं काही नव्हतं, आणि आई होती ती.

“जितू, ऊठ.”

टीपॉयवर फोनचा पडदा उजळला होता. जोडी जमायच्या खोलीत जितूचं नाव होतं. त्याच्या वरच्या ओळीत त्यांचं. त्यांचा स्वतःचा फोन बंद होता, कपाटात, किल्ली लावून. तरी नावापुढचं चिन्ह लुकलुकत होतं.

आणि फोनच्या स्पीकरमधून, पलीकडे गुरुवारी ऐकत बसलेल्या एका बाईचा रोखून धरलेला श्वास सुटला.