सुगंधाआत्याचे धवले

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा धम्मपाल सिल्व्हर पार्कमधल्या दुकानातून निघाला तेव्हा त्याच्या हिशेबी काम अर्ध्या तासाचं होतं. जुन्या भाईंदरमध्ये लग्नांचं शूटिंग करणारा गोवर्धन राहायचा. त्याच्या स्टोरेजच्या डब्यातली एक हार्ड डिस्क गेली होती. जुनी काढायची, नवी घालायची, चहा प्यायचा आणि परत. पण हा गडी शिरला तो थेट हळदीच्या घरात, आणि हळदीच्या घरातून अर्ध्या तासात कोणी सुटलंय?

दारातच गोवर्धनची बायको लक्ष्मी आडवी आली. हातावर लाडू ठेवत म्हणाली, "दादा, पयला खाऊन घ्या. पन गानी वाचवा हां. आत्या न्हाय आता."

आत्या म्हणजे सुगंधा, गोवर्धनची थोरली बहीण, गावातली शेवटची धवलारीण. तिने धवला, म्हणजे विधीचं गाणं, म्हटल्याशिवाय इथे नवरीला हळद लागत नसे. ती मागच्या श्रावणात गेली. तिचे रेकॉर्ड केलेले चाळीस धवले त्या डब्यात होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि गोवर्धनची लेक, नवरी हेमाली, पाटावर बसून खोळंबली होती.

आतल्या खोलीची खिडकी मांडवाच्या कापडाने झाकली होती. भरदुपारी काळोख, ओल्या हळदीचा वास आणि डब्याची बारीक घरघर... डब्यात चार डिस्क होत्या. गोवर्धनने हौसेने आकडे चिकटवले होते, एक ते चार. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी निभावून नेतात. दुसरी गेली की सगळंच बुडालं. लॅपटॉपवर आलं, दोन नंबरची खराब. धम्मपालने लाडू तोंडात टाकला आणि दोन नंबरची ओढली.

मग त्याला आठवलं. मशीन शून्यापासून मोजतं. गोवर्धन एकापासून.

मशीनची दोन म्हणजे गोवर्धनची तीन. चांगली डिस्क काढली होती त्याने. डब्याची घरघर मंदावली... थांबली.

आणि बाहेर मांडवात एका म्हाताऱ्या बाईचा खरखरीत, खुशीतला आवाज सुरू झाला.

बायकांनी एकच गलका केला. लक्ष्मी धावत आली, डोळे भरलेले. "गानी लागली दादा! आत्याच गाते!"

खोटं बोलणं धम्मपालच्या रक्तात नव्हतं. "वहिनी... चुकलो मी. डबा बंद पडलाय."

"मंग... गातंय कोन?"

त्याने हात पुढे केला. तळहातावरची डिस्क फिरत होती. ना वायर, ना वीज. गाण्याच्या ठेक्यावर थरथरत होती. लक्ष्मीने बोट लावलं, चटकन मागे घेतलं. मग तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"सोरू नका," ती कुजबुजली. "हलद लागंपरेंत सोरू नका."

धम्मपाल डिस्क धरून मांडवात येऊन उभा राहिला. धवल्यात नावं आली. नवरी हेमाली, नवरा राज... गोवर्धनचा चेहरा उतरला. "राजचा स्थल तं दिवालीनंतर आला..." तो पुटपुटला. पण ऐकतंय कोण! बायकांनी फेर धरला होता. धम्मपालला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त आनंद वाटत होता, आणि त्याचा पायही ठेका धरू लागला होता.

धवल्यातून एकेकीचं नाव पुकारलं गेलं. एकेक जण हळद लावून गेली. शेवटची हळद मात्र रीतीने धवलारणीची. तिथे गाणं थांबलं. धम्मपालच्या हातातली डिस्कही थांबली.

पाटासमोर कोणी नव्हतं. हेमालीचे डोळे मिटलेले होते. धवलारणीसाठी कोऱ्या ठेवलेल्या तिच्या एका गालावर ओली हळद हळूहळू पसरत गेली, आणि ती खुदकन हसली.

"आत्ये... हात किती गार गो तुजा!"