बोटीच्या नावाचं मशीन

सेंट हेलेन्स गावाच्या धक्क्यावरून मासेमारीच्या ज्या बोटी समुद्रात जायच्या त्यांची रोज संध्याकाळी हजेरी व्हायची, आणि ती लॉर्ना घ्यायची. स्वयंपाकघराला लागून काचेची एक खोली होती, तिथं रेडिओ होता. लॉर्ना एकेका बोटीचं नाव पुकारायची. बोटीवरचा माणूस आपण कुठं आहोत, वारा कसा आहे, ते सांगायचा. ती ते लगेच वेबसाइटवर चढवायची, म्हणजे घरच्यांना आपलं माणूस कुठवर आलंय ते चहा पिता पिता कळायचं. या कामाचा पगार नव्हता. ख्रिसमसला कुणीतरी दोन क्रेफिश, म्हणजे शेवंडं, दाराशी ठेवून जायचं, तेवढंच.

हजेरी चालू असताना तिचा नवरा अल्बी आत बटाटे सोलत असायचा. अल्बी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हात सोन्याचे, पण धक्का सोडून तो कधी पाण्यावर गेला नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे, तिच्यावर लाटा फुटताना नुसत्या लांबून पाहिल्या तरी त्याच्या पोटात ढवळायचं. गावाला चेष्टेला तेवढं पुरे होतं. "अल्बीला डबक्याच्या कडेनं नेऊ नका रे," डूगल म्हणायचा, "लाइफ जॅकेट मागेल." डूगल त्याचा जुना मित्र. त्याच्या बोटीची किल्ली अल्बीच्याच खिशात असायची, कारण तिचं इंजिन बरं कमी आणि आजारी जास्त.

वेबसाइट आधी एका सामाईक मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, होती. चाळीत बिऱ्हाडं असतात तशी त्या मशीनवर इतरांचीही बिऱ्हाडं होती. एक फुलवाला, एक कुत्री सांभाळणारी बाई, आणखी कोण कोण. एरवी भागायचं. पण दक्षिणेचा वारा सुटला की गावातल्या सगळ्या बायका एकदम साइट उघडायच्या, आणि नेमकी तेव्हाच ती कोलमडायची. अशा एका दिवशी एका म्हातारीला पडद्यावर आपल्या मुलाच्या बोटीचं नाव दिसेना. ती फोनवर इतकी रडली की लॉर्नानं दुसऱ्या दिवशी होबार्टच्या एका कंपनीकडून अख्खं मशीन भाड्यानं घेतलं. फक्त तिचं. दुसरं कुणी त्यात नाही.

कंपनीकडून ग्लेनिस नावाच्या बाईचा फोन आला. मशीनची देखभाल तीच करायची. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता.

"सगळं तयार आहे. आता मशीनला नाव काय द्यायचं?" ग्लेनिस म्हणाली. "आमच्याकडे प्रत्येक मशीनला नाव असतं. कुणी कुत्र्याचं देतं, कुणी देवाचं. एकानं सासूचं दिलंय. म्हणतो, बंद पडलं की बरं वाटतं."

लॉर्ना हसली. मग म्हणाली, "केस्ट्रल."

अल्बीची सुरी बटाट्यात थांबली.

केस्ट्रल ही फर्गसची बोट. फर्गस म्हणजे लॉर्नाचा पहिला नवरा. एका हिवाळ्यात तो क्रेफिशचे पिंजरे काढायला गेला तो गेलाच. बोटीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

"नाव बरं आहे की," फोन ठेवल्यावर अल्बी म्हणाला. "छोटं आहे."

"हो," लॉर्ना म्हणाली, आणि बटाटे गॅसवर ठेवायला उठली.

बाईच्या नशिबी सवत आली तर तिला निदान भांडता येतं. पुरुषाच्या वाट्याला मेलेला माणूस आला तर त्यानं काय करावं? अल्बीनं आजवर निभावलं होतं. फर्गसचा फोटो दिवाणखान्यातून जिन्याखाली गेला होता, तोही लॉर्नानं आपण होऊन नेला होता. गावात त्याचं नाव निघालं की लोक अल्बीकडे बघून विषय बदलायचे. आणि आता रोज सकाळी स्वयंपाकघरात त्याच्या बोटीचं नाव घेतलं जाऊ लागलं. ग्लेनिसची चिठ्ठी यायची, 'केस्ट्रल ठीक.' एवढीच. ती वाचताना लॉर्नाचा चेहरा असा मऊ व्हायचा की अल्बी पाठ करून उभा राहायचा आणि धुतलेला कप पुन्हा धुवायचा.

मशीनबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. कितीही वारा सुटो, साइट कधी पडली नाही. उलट वादळ असलं की ती जास्तच चपळ चालायची. गावानं लॉर्नाचं कौतुक केलं.

एक दिवस ग्लेनिस फोनवर म्हणाली, "तुमचं मशीन गार चालतं हो. बाकीच्यांच्या पाठीमागं हात धरवत नाही इतकी गरम हवा येते. तुमच्यातून गार येते. बिघाड काही नाही. म्हटलं सांगावं."

"किती गार?"

"समुद्राच्या पाण्याइतकी म्हणा ना."

लॉर्नानं फोन जवळ ओढला. मग तिनं विचारलं, "आवाज कसा येतो?"

"पंख्यांचा ना? विचारलंत म्हणून सांगते. चढतो, उतरतो. सावकाश. दुसऱ्यांचा एकसुरी असतो."

अल्बी दाराशी उभा होता. लॉर्नाच्या गालावर रंग चढलेला त्याला दिसला. त्या दोघांच्या लग्नात तो चढला नव्हता.

मग ती ओळ आली. साइटवर शेवटच्या बोटीच्या खाली, नाव नसलेली ओळ. नावाची जागा कोरी, पुढं फक्त ठिकाण. ग्लेनिसनं तपासलं. म्हणाली, "ही कुणी बाहेरून घातलेली नाही. मशीनमध्येच उमटते आहे. काढून टाकू?"

"राहू दे," लॉर्ना म्हणाली.

अल्बी समुद्राचा माणूस नव्हता, पण नकाशा त्याला वाचता यायचा. वर्कशॉपच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. पहिल्या दिवशी ते ठिकाण खूप बाहेर होतं, जिथं नुसता निळा रंग आहे तिथं. पुढच्या आठवड्यात एडिस्टोनच्या दीपगृहासमोर. मग गावाजवळच्या बिनालाँगच्या बाहेर. वारा कुठलाही असो, ते ठिकाण घराच्या दिशेनंच सरकत होतं.

आणि हजेरीच्या वेळी लॉर्ना शेवटची बोट झाली की थांबू लागली. पुकारायची काहीच नाही. माइकवर हात ठेवून नुसती थांबायची, जेवायला बसलेल्या घरात एखाद्यासाठी थांबतात तशी. रेडिओ खरखरायचा. मग ती उसासा टाकून बंद करायची आणि अल्बीला म्हणायची, "चल, जेवू."

"कुणाची वाट बघत होतीस?" एकदा त्यानं विचारलं.

"कुणाची नाही रे."

"मग थांबलीस का?"

"अल्बी, मासे करपतील तुझे."

ती बहिणीकडे लॉन्सेस्टनला गेली त्या दिवशी सकाळी अल्बीनं गाडी काढली आणि होबार्टला गेला.

कंपनीची इमारत म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतली एक बिनखिडक्यांची शेड होती. ग्लेनिस पन्नाशीची, अंगानं भरलेली. आत गारठा असतो म्हणून लोकरी टोपी घालून होती. अल्बीनं नाव सांगितलं, बायकोच्या मशीनला बघायला आलो म्हणाला. तिला त्यात नवल वाटलं नाही. म्हणाली, "येतात लोक. नुसते बघून जातात. तबेल्यात घोडा बघावा तसे."

आत उंच कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटात मशीनवर मशीन, आणि कान बधिर करणारा घूं घूं आवाज. ग्लेनिस एका जाळीच्या दाराशी थांबली. ते मशीन इतरांसारखंच होतं, काळं, चपटं, हिरवा दिवा. पण खालची फरशी ओली होती.

"प्लंबर दोनदा येऊन गेला," ती कानाशी ओरडून म्हणाली. "इथून पाइपच जात नाही. आणि हे बघा." स्क्रूंच्या डोक्यांवर पांढरं काहीतरी साचलं होतं. तिनं बोटानं खरवडून जिभेला लावलं. "मीठ आहे. आठवड्याला पुसते मी. पुन्हा येतं. पण चालतंय झकास, तक्रार कुणाची करू?"

अल्बीनं मशीनवर हात ठेवला. इंजिनांवर आयुष्य गेलेला हात. इंजिन थरथरतं. हे थरथरत नव्हतं. ते हळूच वर उचलल्यासारखं वाटायचं, थांबायचं, आणि खाली बसायचं. त्यानं हात झटकन काढून घेतला.

"बंद करा हे," तो म्हणाला.

"काय?"

"बंद करा. पुसून टाका सगळं. मी नवरा आहे तिचा."

ग्लेनिसनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं. दार लागल्यावर आवाज थांबला.

"बाईंनी सांगितल्याशिवाय मी वायरला हात लावत नाही," ती म्हणाली. "आणि गेल्या आठवड्यात तर तुम्हीच फोन केला होतात ना?"

"मी नाही."

"नवरा बोलतोय म्हणालात. मागं वारा फार होता, अर्धं ऐकूच आलं नाही. मी आत येईपर्यंत बंद करू नका, म्हणालात. मला वाटलं, तुम्ही बोटीवर असता."

"मी बोटीवर नसतो," अल्बी म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर त्याला लॉर्ना दिसत राहिली, माइकवर हात ठेवून थांबलेली. ती त्याला सोडून कुठं जाणार नव्हती. पण ती अशीच थांबत राहिली तर आपण त्या घरात फक्त बटाटे सोलायला आहोत, एवढं त्याला कळत होतं. आत येईपर्यंत बंद करू नका. बरं. मग फर्गस आत आला की संपलं. बोट धक्क्याला लागली की बोटीवरचा माणूस रेडिओवर 'बांधली' म्हणतो, आणि लॉर्ना त्या दिवसाच्या हजेरीतून नाव काढते. मग त्या बोटीसाठी कुणी थांबत नाही.

त्या गावात काय वाटेल ते चालतं. उधारी चालते, मारामारी चालते. पण दुसऱ्याची बोट आत आली असं कुणी सांगत नाही. डोळ्यांनी बांधलेली पाहिली तरी नाही. पूर्वी कधीतरी एकानं चांगल्या मनानं तसं सांगितलं होतं, शोधायला निघालेले लोक घरी परतले होते, आणि ती बोट अजून बाहेर होती. तेव्हापासून लहान पोरंसुद्धा खेळात हे करत नाहीत. अल्बीला हे ठाऊक होतं. जळणाऱ्या माणसाला ठाऊक असून काय उपयोग?

तो धक्क्यावर आला तेव्हा लख्ख उजेड होता, पाण्यावर सीगल बसले होते. डूगलची बोट बांधलेली होती. किल्ली खिशात होती. बांधलेल्या बोटीवर जायला त्याला भीती वाटत नसे. आत जाऊन त्यानं रेडिओ लावला.

लॉर्ना परतली होती. हजेरी चालू होती. एकेक नाव, एकेक उत्तर. कुणीतरी म्हणालं, "लॉर्ना, वारा पडला बघ एकदम." शेवटची बोट झाली.

ती थांबली.

अल्बीनं माइकवर रुमाल धरला आणि आवाज खोल नेला. "केस्ट्रल," तो म्हणाला. "आत आली. बांधली."

रेडिओची खरखरसुद्धा थांबली.

"केस्ट्रल," लॉर्नाचा आवाज आला. किंचितही न कापणारा. "ऐकलं. नाव काढते."

डूगलची बोट बाजूला दबली. शेजारी दुसरी बोट येऊन टेकली की दबते तशी. कडेला टांगलेले टायर करकरले. दोराला ताण पडल्याचा आवाज झाला. अल्बी समोरच्या इंजिनाच्या तबकड्यांकडे बघत उभा राहिला. खिडकीकडे त्यानं मान वळवली नाही.

जड बूट फळ्यांवरून गेले. गावाच्या दिशेनं.

बऱ्याच वेळानं त्याचा फोन वाजला. ग्लेनिस होती. "बाईंनी बंद केलं का हो मशीन? आपोआप थांबलंय. आणि फरशी कोरडी आहे. खडखडीत."

"बंदच करायचं होतं," अल्बी म्हणाला.

तो घरी पोचला तेव्हा दार उघडं होतं. दारापासून आतपर्यंत फरशीवर पाणी होतं. स्वयंपाकघरात लॉर्ना उभी होती. केस विंचरलेले, अंगात हिरवा झगा, जो त्यानं कधी पाहिला नव्हता. न्हाणीघरातून शॉवरचा आवाज येत होता.

"लॉर्ना," तो म्हणाला. "आत कोण आहे?"

"हळू बोल."

"आत कोण आहे, लॉर्ना?"

ती त्याच्याकडे वळली. रागानं नाही. दारावर आलेल्या चुकीच्या माणसाशी बोलावं तशी समजुतीनं म्हणाली, "समुद्रावरून आलेल्याला आधी गरम पाणी देतात, अल्बी. तू जरा बाहेर थांब."

पाणी थांबलं.

लॉर्नानं खुंटीवरचा टॉवेल घेतला. अल्बीचा होता. न्हाणीघराचं दार आतून चार बोटं उघडलं. वाफ आली नाही. तिनं टॉवेल आत दिला, आणि तो तिच्या हातातून अलगद ओढला गेला. तिनं हात लगेच मागं घेतला नाही.

घेतला तेव्हा तो कोपरापर्यंत ओला होता. ती तो तसाच धरून उभी राहिली. पुसला नाही.