दुसरा डबा

"ह्या दुसऱ्या डब्यात भेसळ हाय, मॅडम. शामूला मी सोडणार न्हाय." ओमकारनं आपल्या घरच्या ओसरीवर पावडरीचे दोन डबे पुढ्यात आदळले.

सैन्यभरतीसाठी अंगात मांस भरावं म्हणून निपाणीचा हा गडी पावडरी पीत होता. पहिला डबा तालमीत ठेवला, वजन वाढलं. दुसऱ्या कंपनीचा घरी आणला, तर काटा हलेना. दोन्ही शामूच्या दुकानातले.

बेळगावच्या गुप्तहेर दिपालीताईंनी दुसऱ्या डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. मदतनीस परशरामनंही ठेवली. त्याला जत्रेतले फुटाणे आठवले आणि विषय तिथंच संपला.

शामू रडकुंडीला आला होता. "सील ह्यानंच फोडलंय, माझ्यासमोर. आता गावात तोंड दाखवायची सोय न्हाय."

"ह्या डब्याची चव पहिले काही दिवस हीच होती?" ताईंनी विचारलं.

"न्हाय," ओमकार म्हणाला. "नंतर बदलली."

त्याची आई नागुबाई फणकारली. "मी हात लावत न्हाय असल्या डब्याला. लाडवाला डाळ्याचं पीठ केलतं, तेबी कुठं गेलं कुणास ठाऊक. हेंची दाढ दुखती म्हणं, भाकरी सोडून नुसतं ताक पित्यात."

वडील जोतिबा, एके काळचे पैलवान, मग तंबाखूच्या वखारीत राबलेले, भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसले होते. बोटातल्या अंगठीला दोरा गुंडाळलेला. "मला काय ठावं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आईच," परशराम कुजबुजला. "पोरगं भरतीला जाऊ नये म्हणून."

दिपालीताईंनी नकारार्थी मान हलवली.

"ओमकार, तू दोन पावडरींची तुलना केलीस, पण डब्याबरोबर जागाही बदलली. चव बिघडली ती घरी, म्हणजे शामू निर्दोष. नागुबाईंनी केलं असतं तर पीठ गेल्याचं आपणहून सांगितलं नसतं. उरलं कोण? ज्यांना भाकरी गिळवत नाही, ज्यांचा आवाज बसलाय, ज्यांच्या बोटात अंगठी राहत नाही."

जोतिबांनी शाल बाजूला केली. पैलवानाचे दंड काठीसारखे वाळले होते.

"गळ्यात गाठ हाय," जोतिबा म्हणाले. "तू म्हणालतास, ह्यानं अंग भरतंय. म्हणून पावडर मी ताकातनं प्यालो, डब्यात पीठ भरलं. तुझी भरती होईस्तोवर कुणाच्या ध्यानात येऊ नये, एवढंच."

शामूनं दुसऱ्या डब्याचं झाकण लावलं. ओमकार बापाजवळ बसला.

"नुसतं सांगायचं हुतं, आप्पा. मी तुमास्नी येगळा डबा आणून दिला असता."

"आणि भरतीला गेला असतास?"

ओमकारनं बापाचा दंड धरला. तो एका मुठीत मावला.