शामरावांना हवा असलेला पाऊस

इसवी सन २०९८ मध्ये पावसाला जुन्या गोष्टी लपवता येत नव्हत्या. कुठल्या गावात कुठल्या दिवशी किती पडला, हे हजार वर्षं मागेपर्यंत सांगता येई. या नोंदीला ‘वर्षास्मृती’ म्हणत. लोक लग्नाच्या वाढदिवसाला एकमेकांना लग्नाच्या दिवशीच्या पावसाचं नोंदपान पाकिटात घालून भेट देत. निम्म्या लग्नांत मुहूर्ताला कोरडं ऊन होतं. त्यांना नुसतंच रिकामं पाकीट मिळे.

सायकलवाले शामराव दुधपचारे, वय एकोणऐंशी, आलापल्लीच्या वर्षास्मृती केंद्रात डॉ. तनया आत्राम यांच्यासमोर बसले होते.

“मॅडम, नोंदीत एक पाऊस टाकायचा होता.”

“कुठं?”

“आमच्या गावात. १८ ऑगस्ट २०४६. फार नको. पुलावरून पाणी जाईल इतका.”

तनयाबाईंनी चष्मा काढला. “काका, हे बघा. जोराच्या पावसात जड ऑक्सिजनचं पाणी आधी खाली येतं. मग पडतं ते हलकं. सागवान ते पितो आणि त्या पंधरवड्याच्या लाकडात ठेवून देतो. गुहेतल्या चुनखडीचंही तसंच. या खुणांवरून आमचं गणित एकेक दिवस उभा करतं. तुम्हाला दोन इंच दिले, तर कुणाचे तरी कमी करावे लागतील.”

“शेजारच्या गावाचे करा. तसेही ते लोक बरे नाहीत.”

“कारण तरी सांगा.”

शामरावांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांची बायको पंचफुला बसली होती. तिनं याच तारखेसाठी नाव नोंदवलं होतं, आणि सोमवारी त्या दिवसाचं पान तिच्या हातात पडणार होतं.

“तिची आई पुलापलीकडच्या गावी आजारी होती. संध्याकाळी ही म्हणाली, न्या मला. मी तेव्हा कॅरमच्या फायनलला बसलो होतो. फोनवर सांगितलं, पुलावरून पाणी आहे. आभाळ निरभ्र होतं जी. रात्री आई गेली.” ते थांबले. “फायनलही हरलो.”

“तुम्ही पुलावर जाऊन पाहिलं होतं?”

“खोटं बोलायला पुलावर कशाला जाऊ?”

तनयाबाईंनी पान उघडलं, आणि डोंगराकडचे आकडेही तपासले.

“काका, गावात थेंब नव्हता, खरंय. पण वर डोंगरात आदल्या रात्री नऊ इंच पडला. त्या हिशेबानं दुपारी तीनपासून पहाटेपर्यंत तुमचा पूल पुरुषभर पाण्याखाली होता. तुम्ही खरंच बोललात.”

शामरावांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना आठवत गेलं: बावन्न वर्षं पंचफुलाला उलटून बोललो नाही. बाळंतपणात तिची लुगडी धुतली. तिच्या गुडघ्यांना रोज तेल लावलं. सारी फेड होती. आता कर्जच नव्हतं म्हणतात.

“हे पान दाबून ठेवता येईल का?” त्यांनी हळूच विचारलं.

“आता कशाला?”

“माझं कर्ज राहू द्या जी,” म्हणत ते बाहेर आले.

“झालं का?” पंचफुला म्हणाली. “तुमचा चष्मा आतच विसरलात ना? वेंधळे ते वेंधळेच.”

आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदा शामरावांना तिचा राग आला. चांगला, कडक, सर्वसाधारण नवऱ्याला येतो तसा. घाबरून त्यांनी तिचा हात धरला.

“हे काय? इथं कुठं चढ आहे?” ती हसून म्हणाली. “हात कशाला धरलात?”

शामराव विचार करू लागले. आजवर त्यांना याचं उत्तर पाठ होतं.